मोरिता-सानच्या पिस्तुलाचा भाव

मामा,

तुमचं कपाट उघडलं आणि आधी हाताला लागलं ते चामड्याचं होल्स्टर. जपानी लष्करी अधिकाऱ्याच्या कमरेला असायचं तसं, गोल फुगीर झाकणाचं, आणि आत काही नसलेलं. मी तुम्हाला किती चिडवलं असेल त्यावरून. "मामा, हत्ती घ्यायची ऐपत नाही म्हणून अंकुश घेऊन बसलात." त्यावर तुमचं ठरलेलं उत्तर, "केतके, या देशात हत्ती पाळायला बंदी आहे. अंकुशाला नाही." होतंही खरं. युद्धातलं पिस्तूल घरात ठेवणं इथे गुन्हा, त्याचं रिकामं कव्हर मात्र देवळाच्या आवारातल्या जुन्या बाजारात राजरोस मिळतं. तुम्हाला जाऊन महिनाही झाला नाही आणि घरमालकाला घर रिकामं करून हवंय. जुन्या वस्तू घेणारा माणूस उद्या येतोय. त्याला या होल्स्टरचा भाव काय सांगायचा, हे विचारायला मी सवयीने फोन उचलला. तुमचं नाव अजून यादीत सगळ्यात वर आहे.

पण मला खरं विचारायचंय ते या कव्हराबद्दल नाही. गेल्या शरदात, मोरिता-सानच्या घरी, पोलीस आत यायच्या आधी तुम्ही त्यांच्याजवळ वाकून त्या पिस्तुलाचा भाव सांगितलात. काय सांगितलात? मी सगळा हिवाळा विचारत राहिले आणि तुम्ही सगळा हिवाळा हसत राहिलात. मग हॉस्पिटलात गेलात, नाकात नळ्या आल्या, आणि तिथे असलं काही विचारायचं मला सुचलं नाही.

मला ही भावाची खोड लावलीत तुम्हीच. नवऱ्याच्या कंपनीने आम्हाला कावासाकीला पाठवलं तेव्हा मला इथलं काहीच येत नव्हतं. कचरा कोणत्या दिवशी कोणता टाकायचा यात माझे नाकी नऊ आले होते. आईने पुण्याहून फोन करून सांगितलं, "घाबरू नकोस, योकोहामाला माझा भाऊ आहे." मुंबईच्या एका व्यापारी कंपनीतर्फे तरुणपणी इथे आलेले, मामी गेल्यावरही परत न गेलेले तुम्ही. तुम्ही मला ना जपानी शिकवलंत, ना कचरा. पहिल्याच रविवारी जुन्या बाजारात नेलंत आणि एका गंजक्या अडकित्त्यासारख्या वस्तूपुढे उभं करून म्हणालात, "बोल, किती?"

मग तो आपला खेळच झाला. विक्रेत्याला भाव विचारायच्या आधी दोघांनी आपापल्या फोनवर आकडा लिहायचा, आणि जो जास्त चुकेल त्याने उदोन, म्हणजे इथल्या जाड शेवयांचं गरम सूप, खायला घालायचं. पहिली दोन वर्षं मीच घातलं. वस्तूजवळ जाताना तुम्ही दोन्ही हात पाठीमागे बांधायचात, शाळेत इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबासारखे. हात लावला की मोह होतो आणि मोह झाला की भाव चढतो, असं तुमचं म्हणणं. वस्तू उलटी करून दाखवायला सांगायचात, कारण माणसं वस्तूचा चेहरा घासतात, बूड घासत नाहीत. आणि विक्रेता गोष्ट सांगायला लागला, म्हणजे हा कप अमुक सरदाराचा, ही पेटी तमुक जहाजावरची, की तुम्ही माझ्याकडे बघून मराठीत म्हणायचात, "चला, आकडा खाली आणा." वस्तू बोलते तेवढंच खरं, बाकी सगळं पॅकिंग. मला ते फार आवडायचं. आपल्याकडे सगळ्याच गोष्टींना गोष्टी चिकटलेल्या असतात. तुम्ही त्या सोलून टाकायचात.

"मग खरा भाव कुठला?" मी एकदा विचारलं होतं. तुम्ही उदोनच्या वाफेतून चष्मा पुसत म्हणालात, "घेणाऱ्याला परवडला, देणाऱ्याला परवडला, आणि घरी जाऊन दोघंही चरफडले नाहीत, तो." मला ते तेव्हा फारच सोपं वाटलं.

मोरिता-सान तुमच्या गल्लीच्या टोकाला राहायच्या. अंगणात एक पर्सिमनचं झाड, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि बोलणं इतकं हळू की माझ्यासारखीलाही समजावं. दर शरदात त्या तुम्हाला पिशवीभर फळं आणून द्यायच्या. शेजाऱ्याला चार फळं देणं ही इथली रीतच. पण झाडावरची सगळ्यात चांगली निवडून, एकेक कागदात गुंडाळून, दारात उभं राहून कमरेत इतकं वाकून? तुम्हालाही प्रश्न पडायचा. "या बाईचं मी काय चांगलं केलंय, कळत नाही. आधी असं नव्हतं. चहाला बोलावलं होतं एकदा, तेव्हापासून सुरू झालं." चहाला काय बोललात, असं मी विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "काय बोलणार? म्हाताऱ्या माणसांचं. आपापल्या वडिलांचं."

आबांचं बोलला होतात, हे मला नंतर कळलं. आबांना, तुमच्या वडिलांना, मी शेवटच्या काही वर्षांत पाहिलंय. टोपी डाव्या हाताने घालायचे, कारण उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. ब्रह्मदेशात जपान्यांविरुद्ध लढताना लागलेली गोळी त्या खांद्यात तशीच राहिली होती. आम्ही मुलं ती बाहेरून चाचपून बघायचो आणि आबा बघू द्यायचे. त्यांचा मुलगा जन्मभर जपानात राहिला, यावर ते एका अक्षराने कधी बोलले नाहीत.

त्या रविवारी तुम्ही आमच्याकडे पोहे खात होतात तेव्हा मोरिता-सानचा फोन आला. कोठीची खोली आवरताना वडिलांची पत्र्याची पेटी उघडली, तर आत कापडात गुंडाळलेलं पिस्तूल. तुम्ही ताडकन उठलात. "हात लावू नका. पोलिसांना फोन करा, आत्ता." पलीकडून त्या काहीतरी बराच वेळ बोलल्या. तुम्ही फोन ठेवून माझ्याकडे बघितलंत, "आपण तिथल्या स्टेशनवर उतरलो की फोन करते म्हणते, पण म्हणते ते न्यायच्या आधी येऊन भाव सांगा. काय करायचाय भाव? पोलीस नेणार आणि वितळवणार." मी म्हटलं, "असेल उत्सुकता." तुमचे डोळे लकाकले होते, मामा. उत्सुकता कोणाला होती ते मला दिसत होतं.

गाडीत रविवारची गर्दी, आणि नेहमीसारखं कुणीच बोलत नव्हतं, त्या शांततेत तुम्ही मराठीत माझा क्लास घेतलात. पिस्तूल हा शब्द इथेही कोणाला कळेल या भीतीने तुम्ही सगळा वेळ "ती वस्तू" म्हणत होतात. त्या वस्तूवर एक नंबर असतो, आणि गोळ्यांच्या खोक्यावर पुन्हा नंबर असतो. दोन्ही जुळले तर भाव वाढतो, नाही जुळले तर ती दोन घरांतली भांडी. होल्स्टर असेल तर आणखी वर. होल्स्टरच्या खिशात गोळीवर आपटणारी जादा सुई असेल तर संग्राहक वेडे होतात. "आणि उजव्या अंगाला, केतके, तांदळाएवढा आकडा. शोवा सम्राटाच्या राज्याचं कितवं वर्ष ते. अठरा असेल तर युद्ध ऐन भरात. वीस असेल तर शेवटचं वर्ष. शेवटी शेवटी यांच्याकडे ना पोलाद राहिलं ना वेळ. मुठीच्या लाकडावर आडव्या खाचा पाडायचे, त्याही सोडून दिल्या. सपाट मूठ." तुम्ही माझ्याच हाताची मूठ करून त्यावर बोटाने खाचा काढून दाखवल्यात. समोरच्या आजीबाई बघत होत्या.

मी तोवर फोनवर अमेरिकेतले लिलाव शोधून काढले होते. तिथे अशा पिस्तुलांना लोक मोठमोठे आकडे मोजतात हे बघून मला फार भारी वाटलं. म्हणून मोरिता-सानच्या दारात पाऊल ठेवल्या ठेवल्या मी माझ्या मोडक्या जपानीत सांगून टाकलं की अमेरिकेत याला खूप किंमत आहे. भाव विचारणाऱ्या माणसाला चांगला भाव सांगावा, आपल्याकडे कोण खूश होणार नाही? त्या "सो देसुका", असं होय, म्हणाल्या आणि मान खाली घातली. तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की मी चप्पल काढता काढता थांबले.

पेटी बुटक्या टेबलावर होती. त्यांनी कापड बाजूला केलं. मला दारातून नुसतं काहीतरी काळपट दिसलं. मी फोटोसाठी फोन काढला, तर तुम्ही "नको" म्हणालात. मोरिता-सान गुडघ्यांवर बसून सांगत होत्या, की वडील ब्रह्मदेशात होते, मलेरियाने हाडांचा सापळा होऊन युद्ध संपायच्या आदल्या वर्षी परत आले, मग शेवटपर्यंत इथेच कुठल्याशा कोठारावर ड्यूटी. युद्धाबद्दल कधी बोलले नाहीत. आई मात्र म्हणायची, त्या पेटीत ब्रह्मदेशातलं काहीतरी आहे, हात लावायचा नाही. मी मनात म्हटलं, झालं, गोष्ट आली. आता मामांचा आकडा खाली येणार. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "केतके, पोलिसांना घर सापडायचं नाही. गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभी राहा." मी गेले. वळून बघितलं तेव्हा तुम्ही हात पाठीमागे बांधून पेटीवर वाकला होतात.

दोन पोलिसांना घेऊन परत आले तर तुम्ही मोरिता-सानच्या शेजारी बसला होतात, आणि त्या रुमाल तोंडाला लावून रडत होत्या. तुमचं बोलणं संपलं होतं. पोलीस फार सभ्यपणे वागले. कागदावर सही घेतली, पेटी उचलली, आणि ती वस्तू गेली.

रात्रीच्या जेवणाला तुम्ही माझ्याबरोबर पुन्हा कावासाकीला निघालात, त्या परतीच्या गाडीत आपण भांडलो. हळू आवाजात, पण भांडणच.

"काय सांगितलंत?"

"भाव."

"कुठला? अमेरिकेतला?"

"योग्य."

"मग त्या रडत का होत्या? मामा, तुम्ही त्यांना बरं वाटावं म्हणून काहीतरी गोड सांगितलंत. विक्रेत्याने गोष्ट सांगितली की आकडा खाली, आणि शेजारीण रडली की वर?"

"मी आयुष्यात खोटा भाव सांगितलेला नाही," तुम्ही म्हणालात. "तिला परवडला, मला परवडला. झालं की."

मला राग आला होता, कारण तुमच्याकडून शिकलेलं तुम्हीच मोडताय असं वाटत होतं. मी खिडकीकडे तोंड केलं. मग तुमचा फोन वाजला, तुम्ही तो हातभर लांब धरलात, डोळे बारीक केलेत आणि खिसे चाचपायला लागलात. मी पर्समधून तुमच्या चष्म्याचं घर काढून दिलं. सकाळी मायक्रोवेव्हवर विसरला होतात, मी उचलून घेतलं होतं आणि गडबडीत द्यायचं राहिलं होतं. "भिंगसुद्धा यातच होतं," तुम्ही म्हणालात, आणि मग कावासाकी येईपर्यंत काही बोलला नाहीत. तुम्ही माझ्यावर रागावलात असं मी धरून चालले.

त्यानंतरही उदोन झालं, बाजार झाले. हॉस्पिटलातसुद्धा नर्सच्या घड्याळाकडे बघून "बोल, किती?" झालं. तुम्ही गेलात त्या दिवशी मला रडायला आलं नाही, कारण कागदपत्रं फार होती. रडायला आलं दुसऱ्या दिवशी, सुपरमार्केटमध्ये, मुळ्याचा भाव बघताना. मला तुमची फार आठवण येते मामा. या देशात मला परकं वाटायचं थांबलं ते तुमच्यामुळे. ज्या वस्तूला काय म्हणतात तेही माहीत नाही तिच्यापुढे न घाबरता उभं राहायचं, हे तुम्ही शिकवलंत, आणि ते फक्त वस्तूंपुरतं राहिलं नाही.

आज दुपारी मी हे होल्स्टर टेबलावर ठेवून बसले होते तेव्हा बेल वाजली. मोरिता-सान. काळा ड्रेस, उदबत्तीची पेटी, आणि या दिवसांत झाडाला कुठली फळं, म्हणून घरी वाळवलेली पर्सिमन. तुमच्या फोटोपुढे उदबत्ती लावून त्या बराच वेळ हात जोडून बसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमच्या मामांनी मला जे दिलं त्याची परतफेड राहून गेली."

मी विचारलंच. "मामांनी त्या दिवशी काय भाव सांगितला?"

त्यांना आश्चर्य वाटलं की मला माहीत नाही. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. चहाला आला होतात तेव्हा तुम्ही सहज आबांच्या खांद्यातल्या गोळीचं बोलून गेलात, ब्रह्मदेश म्हणालात आणि पुढे बिस्किटाचं कौतुक केलंत. पण त्यांनी हातातला कप खाली ठेवला. लाखो माणसं होती, लाखो गोळ्या होत्या, हे त्यांना कळत होतं. तरी आईने हात लावू नको म्हटलेली ती पेटी कोठीत होती, आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला तुम्ही राहत होतात. तेव्हापासून त्या फळं निवडून आणायला लागल्या.

"पिस्तूल सापडल्यावर मला त्यांना एक गोष्ट विचारायची होती," त्या म्हणाल्या. "ती विचारता येईना. म्हणून किंमत विचारली."

आणि तुम्ही, मामा, त्या पेटीवर वाकलात, बराच वेळ बघितलंत, आणि त्यांना म्हणालात, "यावर वीस लिहिलंय. शोवा वीस. तुमचे वडील परत आल्यानंतर बनलंय हे. ब्रह्मदेश याने पाहिलेलाच नाही. कारखान्यातून निघालं आणि या कापडात आलं." मग म्हणे हसून म्हणालात, की संग्राहकाला विचाराल तर शेवटच्या वर्षातलं, घाईत उरकलेलं, भाव बेताचाच, पण माझ्या वडिलांच्या वतीने विचाराल तर मी इतकं महाग पिस्तूल आजवर बघितलं नाही.

मोरिता-सान आज रडल्या नाहीत. त्या दिवसापासून नीट झोप लागते, म्हणाल्या. माझे मात्र डोळे भरून आले. मी तुमच्यावर गोड बोलल्याचा आरोप केला होता आणि तुम्ही तर वस्तू बोलली तेवढंच सांगितलं होतं. रुमाल काढायला मी पर्समध्ये हात घातला, आणि हात तिथेच थांबला.

तुमचा चष्मा. त्या दिवशी तो याच पर्समध्ये होता, भिंगासकट, आणि मी गल्लीच्या तोंडाशी उभी होते.

तांदळाएवढा आकडा, मामा. हातभर लांबून फोनवरचं नाव तुम्हाला वाचता येत नव्हतं. मोरिता-सानना मोतीबिंदू, पोलिसांनी नुसता कागद केला, आणि ती वस्तू एव्हाना वितळली असणार. मग वीस वाचलं कोणी? तुम्ही गोष्ट सांगितलीत का? जन्मभर लोकांच्या गोष्टी सोलून टाकणाऱ्या माणसाने एकदाच, एका बाईसाठी, स्वतःच्या बापाची गोळी मध्ये ठेवून, पॅकिंग केलं? की खरंच कळलं होतं तुम्हाला? कारण मूठ आहे ना. खाचा पाडलेली मूठ आणि सपाट मूठ, हा फरक चष्म्याशिवायही दिसतो. माझ्या हातावर तुम्हीच काढून दाखवला होता. सपाट असेल तर शेवटचं वर्ष. म्हणजे तुमचा भाव खराच असेल.

आणि मूठ पाहिलेलं एक माणूस माझ्यासमोर बसलं होतं. कापड त्यांनीच सोडलं होतं, त्यांच्या बोटांना आठवत असेल. एवढंच विचारायचं होतं: लाकूड कसं होतं हो, खरखरीत की गुळगुळीत? माझ्या जपानीतही जमलं असतं. तुम्हाला माहीत आहे, मला राहवत नाही. प्रश्न अगदी जिभेवर आला होता. मोरिता-सानही माझ्याकडे बघत होत्या, मी काहीतरी बोलणार म्हणून.

मी विचारलं, "चहात साखर किती घालू?"